दांडा हातात असू द्या!

खेळण्यातली आगगाडी चालवायची तर आता आधी ब्लूटूथ जोडावं लागतं. मग ॲप म्हणतं, नवी आवृत्ती घ्या. तोवर चहा गार आणि पोरगं बाहेर क्रिकेटला.

अमेरिकेच्या लायोनेल या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या कंपनीने १९४८ साली ‘झेडडब्ल्यू’ नावाचा ट्रान्सफॉर्मर काढला. काळा, अवजड धूड. दोन बाजूंना दोन मोठे दांडे, एकूण चार गाड्यांची सोय. दांडा पुढे सरकवला की रुळांत व्होल्टेज वाढतो आणि गाडी पळते. चढावर ती धापा टाकते, म्हणून दांडा जरा पुढे. वळणाआधी मागे. विसरलात तर इंजिन टेबलावरून थेट फरशीवर. यालाच गाडी चालवणं म्हणतात! रिमोटवाल्या नव्या भारी इंजिनांत वेग राखणारी चिप असते; चढ असो, उतार असो, गाडी आपली एका चालीत. मालकाने नुसतं बघत बसायचं. बघायचंच असेल तर कल्याणच्या पुलावर उभे राहा की, खऱ्या गाड्या दिसतील.

शिट्टीचं तर विचारूच नका. लायोनेलने १९३५ साली टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, छोटा पंखा बसवला. शिट्टीचा खटका ओढला की रुळांतल्या एसीवर थोडा डीसी चढतो, तेवढ्याने टेंडरमधला रिले जागा होतो, पंखा फिरतो आणि हवा घुमते. चिप नाही, प्रोग्रॅम नाही, आणि शिट्टी खरोखरच्या हवेची! आता काय, स्पीकर. त्यात रेकॉर्ड केलेला ड्रायव्हर बडबडतो, कारण खऱ्या ड्रायव्हरला, म्हणजे तुम्हाला, काही कामच उरलेलं नाही.

रिमोटची बाजूही ऐकून घेऊ. गायक नील यंगचा मुलगा सेरेब्रल पाल्सीमुळे दांडा धरू शकत नव्हता. त्याला गाड्या चालवता याव्यात म्हणून बापाने नियंत्रणाची साधनं घडवून घेतली, आणि त्याच खटाटोपातून १९९०च्या दशकात लायोनेलची रिमोट प्रणाली आली. त्या रिमोटला माझा सलाम. एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या वेगाने हाकायच्या असतील, तरी रिमोटच बरा. जुन्या पद्धतीत रूळ तुकड्यांत तोडून स्विचांचं जंजाळ मांडावं लागतं. पण दोन्ही हात धडधाकट, गाडी एकच आणि रूळ म्हणजे एक वाटोळं कडं, अशा गृहस्थाला रिमोट कशाला हवा? सोफ्यावरून उठायचं जिवावर येतं म्हणून?

न्यू जर्सीतल्या काकांच्या तळघरात एखादा झेडडब्ल्यू धूळ खात पडला असेल, तर मागून घ्या. मात्र त्याची जुनी वायर जाणकाराकडून बदलून घ्या, आणि आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात तो थेट खुपसू नका. तो ११५ व्होल्टचा आहे. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा.