अनामिक मुद्रक, सख्खे प्रकाशक

1867 च्या कायद्याने वृत्तपत्रावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं केलं. इंग्रजांचा हेतू काही उदात्त नव्हता. तुरुंगात कोणाला धाडायचं, ते त्यांना कळायला हवं होतं. 'केसरी'तल्या मजकुरापायी टिळकांना 1897 मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली. आता ती कटकट मिटली. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर 'जसा आला तसा' पुढे जातो. लेखक अज्ञात, प्रकाशक मात्र आपले सख्खे काका. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना ठार मारलं. अफवेखाली जाब विचारण्याजोगं नावच नव्हतं. त्याच महिन्यात कंपनीने भारतापुरता तोडगा जाहीर केला: संदेश एका वेळी पाचच ठिकाणी. (अफवेलाही रेशन!)

यावर म्हणतात, वृत्तपत्रं तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती? नव्हतीच. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत प्रतिस्पर्धी दैनिकांत एकाच नेत्याचं कौतुक शब्दशः सारखं छापून आलं. पण अंक शेजारी शेजारी ठेवून ती लबाडी पकडता तरी आली. फॉरवर्डचे जुने अंक कोणत्या ग्रंथालयात मिळतात? प्रचारवाल्यांना हे आपल्याआधी कळलं. म्हणूनच जे जाहीर सभेत बोलायची छाती होत नाही, ते ग्रुपवर बिनधास्त सोडलं जातं.