लिफाफा, पिपाणी आणि आक्कांचं चौथं बटण

मतदान करीच्या दिवशी ठेवलं म्हणून आक्का निवडणूक आयोगावरच तापल्या होत्या. "संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी कोन चांगलं काम करतंय का? सायबांच्या घरात कुनी म्हातारं माणूस न्हाई वाटतं!" कुंपणाच्या भिंतीवर सूप ठेवून भोगीच्या भाजीचे पावटे सोलणं चाललं होतं. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला, म्हणजे बरोबर करीला. मी माझ्या बाजूने चार शेंगा उचलल्या आणि सोलायला लागले. भिंतीपाशी रिकाम्या हाताने उभं राहिलं की आक्कांना आवडत नाही.

"बाई, एक इचारू?"

"विचारा की."

"त्या अपक्ष पोराला द्यावं म्हंते मी. गटार तुंबली तर रातीला टॉर्च घिऊन येतंय. दुसरं कोन येतंय सांगा. पर आमची सून म्हंती, आत्या, मत वाया घालवू नका."

सांगलीच्या बाईनं हा प्रश्न विचारावा याचीच मला गंमत वाटली. म्हटलं, "लोकसभेला लिफाफ्यावर बटण दाबलंत, तेव्हा सुनेला विचारलं होतंत का?"

"आवो, ते येगळं. ते दादांचं नातू!"

वसंतदादांचं नाव निघालं की आमच्या गल्लीत पुढचं बोलणं दहा मिनिटं थांबतं. या वेळी मी थांबू दिलं नाही. २०२४ ला काय झालं होतं? कोल्हापूर काँग्रेसला गेलं, म्हणून सांगली ठाकऱ्यांच्या शिवसेनेने मागून घेतली आणि चंद्रहार पाटलांना मशाल दिली. गडी नावाजलेला, दोनदा महाराष्ट्र केसरी. समोर कमळावर संजयकाका पाटील. विश्वजित कदमांनी दिल्लीपर्यंत चकरा मारल्या, तरी दादांच्या नातवाला, विशाल पाटलांना, काँग्रेसचा हात काही मिळाला नाही. मग ते अपक्ष उभे राहिले, चिन्ह लिफाफा. ७ मेला मतदान झालं, ४ जूनला पेटी उघडली. लिफाफा ५,७१,६६६, कमळ ४,७१,६१३ आणि महाविकास आघाडीची अधिकृत मशाल ६०,८६०.

"म्हंजे पक्षाचा मानूस तिसरा आन् बिनपक्षाचा पयला," आक्का म्हणाल्या, जणू त्यांनीच आखणी केली होती.

"तेच तर सांगतेय. तिसरा कोण ते यादी बघून कळत नाही. सांगलीत मतदानाच्या आधीच मशाल तिसरी झाली होती. तुम्हाला कसं कळलं होतं?"

"कसं म्हंजे? दूधवाला बोलला. भिशीत समद्या बोलत हुत्या. आमचं हे मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला गेलं, तिथं हमालबी तेच बोलत हुतं. मग काय राहिलं?"

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकट्यादुकट्याने मनाशी ठरवलेलं तिसरं मत आणि गल्लीने, गावाने, यार्डाने बोलून ठरवलेलं तिसरं मत, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. वर्तमानपत्रातले जाणकार सभेची गर्दी मोजत बसतात. भिशीत त्यांना कोण घेणार?

आता २०१९ घ्या. हेच विशाल पाटील तेव्हा स्वाभिमानी पक्षाची बॅट घेऊन काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे अधिकृत उमेदवार होते. मतं ३,४४,६४३. वंचित बहुजन आघाडीकडून गोपीचंद पडळकर, त्यांना ३,००,२३४. दोघांची बेरीज सव्वासहा लाखांच्या वर, पण निवडून आले ५,०८,९९५ मतांचे संजयकाका. तिसरा इतका तगडा होता की त्याला तिसरा म्हणायला जीभ रेटत नव्हती, आणि दुसराही तसाच. गावं बोलली होती, फक्त दोन वेगळ्या भिंतींपाशी. आता पडळकरांची सगळी मतं बॅटीकडेच वळली असती असंही नाही म्हणा. बेरजा कागदावर सोप्या असतात.

"तवा आमी बॅटीलाच दिलं हुतं," आक्का सुस्कारा टाकून म्हणाल्या. "आन् तुमच्या साताऱ्याचं काय ओ? तुमची पिपाणी?"

मी साताऱ्याची माहेरवाशीण. आक्का हा टोमणा राखून ठेवतात. २०२४ ला सांगलीच्याच दिवशी, त्याच टप्प्यात साताऱ्यालाही मतदान होतं. उदयनराजे ५,७१,१३४ (सांगलीच्या लिफाफ्याच्या आकड्याजवळच आले बघा), शशिकांत शिंदे ५,३८,३६३. फरक ३२,७७१ चा. आणि पिपाणी चिन्हावरच्या अपक्षाला ३७,०६२! शिंद्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि पिपाणीचं मराठी नाव यादीत तेव्हा नुसतं 'तुतारी'. शरद पवारांच्या पक्षाने आरडाओरडा केला. पण दिंडोरीत पिपाणीने लाखावर मतं घेतली, तरी तिथे त्यांचेच भगरेसर निवडून आले. त्यामुळे साताऱ्यातली सगळी मतं चुकूनच गेली, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

माझी आई कोरेगाव तालुक्यात राहते, शिंद्यांच्याच पट्ट्यात. मतदानाच्या संध्याकाळी फोन केला, "कुठलं दाबलंस?" तर म्हणाली, "वाजतंय ते." मी विचारलं, "वाजवणारा माणूस होता का शेजारी?" म्हणाली, "मानूस कशाला पायजे, वाजतंय न्हवं?" कागदाची चिठ्ठी काचेत सात सेकंद दिसते, तेवढ्यात तिचा चष्मा पदराने पुसून व्हायचा होता.

आक्का इतक्या हसल्या की पावटे सुपातून भिंतीपलीकडे माझ्या तुळशीत पडले.

खरं तर हा सगळा घोळ एका बटणाचा आहे. 'हा नसेल तर तो' असं सांगायची सोय यंत्रात नाही. पदवीधरच्या निवडणुकीत असते. पुणे पदवीधर मतदारसंघात आपले सातारा-सांगली दोन्ही येतात. मी जांभळ्या पेनाने नावापुढे १, २, ३ लिहून आलेय. राष्ट्रपतिपदालाही तशीच पद्धत. १९६९ ला तिथे तिसरा होता आपलाच माणूस, चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली नेहरूंच्या मंत्रिमंडळातून राजीनामा देऊन बाहेर पडलेले. स्वतंत्र पक्षाने आणि जनसंघाने त्यांना उभं केलं. व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, संजीव रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. पहिल्या मोजणीत कुणालाच निम्म्याच्या वर जाता आलं नाही. मग देशमुखांच्या चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती मोजली. त्यांतल्या बहुतेक रेड्डींकडे गेल्या, तरी ते कमी पडले आणि गिरी निसटते का होईना, आले.

"म्हंजे देशमुखांना मत देनाऱ्याचं मत मोजलं दोनदा?"

"एकदा त्यांच्यासाठी, एकदा दुसऱ्यासाठी."

"आन् आमचं पावटं सोलल्यागत एकदाच. शेंग फोडली की संपलं."

आतून आक्कांच्या यजमानांचा, आबांचा आवाज आला, "तिला सांगा बाई, विधानसभेचं! सारखा लिफाफा लिफाफा करतीया." आबा टीव्हीसमोर असले तरी कान भिंतीपाशीच असतात. आणि बरोबर बोलले. लोकसभेनंतर सहा महिन्यांत सांगली विधानसभेला जयश्रीताई पाटील बंड करून अपक्ष उभ्या राहिल्या. त्याही दादांच्याच घरातल्या, आणि खासदार विशाल पाटील त्यांच्या पाठीशी. तरी भाजपचे गाडगीळ आले, काँग्रेसचे पृथ्वीराज पाटील दुसरे, ताई तिसऱ्या. घराणं तेच, गाव तेच. पण या वेळी यार्डात दोन मतं होती.

"मला आठीवतंय," आक्का जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पर बाई, औंदा चार बटणं हायत न्हवं? अ, ब, क, ड?"

"चार."

"मग तीन पक्षाला देते. आबाला दिल्याचं समाधान, सुनंचंबी तोंड बंद. चौथं पोराला."

"आणि तो पडला तर?"

"पडंल की. पर गटार तुंबली तर यायचं त्यानंच हाय, त्याला कळाया पायजे आमी कुनाकडं हाय." त्यांनी सूप झटकलं. "आन् आधी म्हागल्या गल्लीतल्या मावशीला इचारते. तिच्या घरात सात मतं हायत."

"तिच्याकडे गाजरं पण आहेत," मी म्हणाले.

"तेबी हायच की," म्हणत आक्का तिकडे निघाल्यासुद्धा.