‘विशाखा’ क-मध्ये, ‘नटसम्राट’ श-मध्ये

पुस्तक आहे. नोंद आहे. कपाटही आहे.

सापडत मात्र नाही.

जवळच्या सार्वजनिक वाचनालयात जा, देवघेवीच्या खिडकीशी उभे राहा आणि म्हणा, ‘कुसुमाग्रजांचं काय काय आहे?’ ‘विशाखा’ येईल. ‘नटसम्राट’ यायची खात्री नाही. कवितेवर नाव कुसुमाग्रज, नाटकावर वि. वा. शिरवाडकर. हे दोघे एकच, हे आपल्याला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा हारही आपण एकाच तसबिरीला घालतो. वाचनालयाच्या तालिकेला मात्र ही बातमी अजून कुणी कळवलेली नाही.

गडकऱ्यांचं प्रकरण आणखी बिकट. नाटकात राम गणेश गडकरी, कवितेत गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम. माणूस एक, खण तीन. आज असते तर यावर चौथं नाव घेऊन लिहिलं असतं.

आणि विभावरी शिरूरकर? 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा ही बाई कोण, म्हणून अख्खा महाराष्ट्र शोधाला लागला होता. माहेरच्या बाळूताई खरे, सासरच्या मालतीबाई बेडेकर, हे यथावकाश सगळ्यांना कळलं. वाचनालयात शोध चालू आहे.

त्यांचे यजमान विश्राम बेडेकर. संसार एकत्र, कपाटं वेगळी.

यजमानांचं ‘रणांगण’ तरी कुठे ठेवायचं? नाव युद्धाचं, गोष्ट प्रेमाची, तीही बोटीवरची. नुसतं मुखपृष्ठ बघून वर्गवारी करायची ठरवली तर ‘कऱ्हेचे पाणी’ पाटबंधारे खात्यात जाईल आणि ‘बटाट्याची चाळ’ कृषी विभागात. हसताय? पुस्तक न उघडता त्यावर नंबर घालण्याचा पराक्रम आपल्याकडे कुणीच केला नसेल, असं छातीवर हात ठेवून सांगा बघू.

बरं, उघडून वाचलं तरी प्रश्न सुटतोच असं नाही. ‘एक होता कार्व्हर’ घ्या. चरित्र आहे, कबूल. पण त्यात शेती आहे, विज्ञान आहे, वर्णभेद आहे. शेतीवरचं काही वाचायला आलेल्या पोराच्या हाती ते लागणार कसं? पुस्तक एका वेळी एकाच फळीवर बसतं, ही फळीची अडचण. तालिकेला ती नाही. एकाच पुस्तकाच्या चार नोंदी चार ठिकाणी करता याव्यात, यासाठीच तर तालिका असते.

आपण एकच करतो. कार्ड वाचतं ना!

अमेरिकेतल्या चार्ल्स कटर नावाच्या ग्रंथपालानं 1876 मध्येच सांगून ठेवलं होतं. वाचकाला लेखक, पुस्तकाचं नाव किंवा विषय, यातली कुठलीही एक गोष्ट माहीत असेल तर तेवढ्यावर पुस्तक सापडलं पाहिजे. आपल्याकडे या तिन्ही सांगितल्या तरी खिडकीतून चौथी विचारली जाते.

‘दाखल नंबर काय?’

अहो, तो माहीत असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?

त्याच 1876 मध्ये मेल्विल ड्यूई यांनी दशांश वर्गीकरण आणलं. जगभरचं ज्ञान दहा खणांत. त्यात मराठी साहित्याला 891.46 हा पत्ता मिळाला. धर्माला 200 ते 299 असे शंभर आकडे. त्यातले बरेचसे ख्रिस्ती धर्माकडे, आणि हिंदू, बौद्ध, जैन, शीख मिळून सगळे 294 मध्ये दाटीवाटीनं. मुंबईकरांना एवढ्या जागेची सवय आहे म्हणा.

मग तुकारामांची गाथा कुठे? 294 मध्ये धर्म म्हणून, की 891.461 मध्ये कविता म्हणून? आधी वारकऱ्याला विचारा, मग मराठीच्या प्राध्यापकाला विचारा, आणि दोघांच्या मधून लगेच बाजूला व्हा.

ड्यूई स्वतः तरी कुठे सरळ सापडायचे? त्यांना इंग्रजी स्पेलिंग सोपं करायचं वेड होतं. स्वतःच्या पहिल्या नावातली दोन अक्षरं त्यांनी उडवली, आणि आडनाव तर काही काळ तीन अक्षरी करून टाकलं. जगाची पुस्तकं लावणाऱ्यालाच दोन कार्डं लागली.

आपले रंगनाथन यांच्याही पुढचे. मद्रासचे गणिताचे प्राध्यापक, 1924 मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा नियम : वाचकाचा वेळ वाचवा. 12 ऑगस्ट त्यांचा जन्मदिवस, म्हणून तो ग्रंथपाल दिन. त्या दिवशी तसबीर पुसतात, हार घालतात, पाच नियमांवर भाषण होतं.

भाषण संपेपर्यंत देवघेव बंद असते.

आता गोम कुठे आहे ते बघू. 1967 च्या कायद्यानं सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळतं, त्यासाठी अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. पुस्तकं किती, नियतकालिकं किती, सभासद किती, हे मोजलं जातं. तपासणीला साहेब येतात ते दाखल नोंदवही मागतात. ती चोख असते, असावीच लागते. कुठल्या तारखेला, कुठल्या दुकानातून, किती रुपयांना, बिल नंबर काय. पुस्तकाची ही जन्मकुंडली झाली. तपासणीसाला ती पुरते, आणि तपासणीसाला पुरलं की तालिकेचं काम संपलं असं मानायची आपली रीत आहे. मागितलेली किती पुस्तकं वाचकाला सापडली, या रकान्यावर कुणाचा वर्ग वाढल्याचं ऐकलंय?

रकाना असता तर कित्येक ‘अ’ वर्ग एका दुपारीत ‘ड’ झाले असते.

‘पण आता सगळं संगणकावर आहे!’ आहे ना. नोंदवही जशीच्या तशी संगणकावर चढवली आहे. पूर्वी कागदावर सापडायचं नाही, आता पडद्यावर सापडत नाही. प्रगती आहे.

शिवाय कित्येक ठिकाणी मराठी पुस्तकांची नावं रोमन अक्षरांत. ‘मृत्युंजय’ शोधा. ‘मृ’ मध्ये ‘आर’नंतर ‘आय’ टाकायचा की ‘यू’? शेवटी ‘ए’ लावायचा की नाही? कर्णाला शाप दोनच होते, हा तिसरा.

‘ज्ञ’ तर विचारूच नका. मराठी माणूस ‘डी-एन-वाय’ लिहितो, हिंदीवाला ‘जी-वाय’, आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस ‘जे’ लिहून पुढच्या ‘एन’च्या डोक्यावर नागमोडी रेघ काढते. पुस्तकाला नावही एक का आहे? ज्ञानेश्वरी, ज्ञानदेवी, भावार्थदीपिका. लेखक ज्ञानेश्वर, ज्ञानदेव, ज्ञानोबा. त्यावर राजवाडे प्रत, दांडेकर प्रत, सार्थ, सटीप, पारायणाची, खिशातली. वाचकाला हवी असते ज्ञानेश्वरी. नोंदी मिळतात तुकड्यातुकड्यांनी, एकमेकींशी ओळख नसलेल्या. ग्रंथ एक आणि आवृत्त्या अनेक, हे जगभरच्या ग्रंथालय संघटनांनी 1998 मध्ये जाडजूड अहवाल काढून मांडलं. वारीतल्या कुणालाही विचारलं असतं तर फुकटात कळलं असतं.

देवनागरीत टाइप केलं तरी सुटका नाही. जुन्या नोंदी श्रीलिपीच्या फाँटात. नव्या संगणकावर त्या उघडल्या की वाटतं, कुणी तरी कीबोर्डवर बसलं होतं. युनिकोडमध्ये ‘ॲ’ दोन तऱ्हांनी उमटतो : एकसंध, किंवा ‘अ’वर चंद्र ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन अनोळखी इसम.

सॉफ्टवेअरचा दोष? छे. ‘कोहा’ फुकट मिळतं, सरकारी ‘ई-ग्रंथालय’ आहे, दोन्हींत देवनागरी चालते. ‘कोहा’त तर एका लेखकाची सगळी नावं एकत्र बांधायची वेगळी सोयच आहे. ती उघडून कुणी तरी बसायला हवं. गोविंदाग्रज म्हणजे गडकरी. आरती प्रभू म्हणजे खानोलकर. केशवकुमार म्हणजे अत्रे. ठणठणपाळ म्हणजे दळवी. जुन्या कार्डांच्या कपाटात यासाठी एक शब्द पुरायचा : ‘पाहा’. ‘गोविंदाग्रज – पाहा : गडकरी, राम गणेश.’ एका ओळीचं कार्ड. मराठीतली गाजलेली टोपणनावं एखाद्या जाणत्या माणसानं बसून संपवावीत, एवढंच हे काम. ते एकदा झालं की महाराष्ट्रातल्या हजारो वाचनालयांना तयार मिळेल.

पण त्याचं उद्घाटन कसं करणार? फीत कुठे बांधणार?

सध्या हे काम एखादे जुने काका करतात. तुम्ही म्हणता, ‘ते निळं पुस्तक, बोटीवरचं, शेवट वाईट होतो...’ आणि काका न बघता म्हणतात, ‘बेडेकर. तिसरं कपाट, खालची फळी.’ वाचनालयाची खरी तालिका ही. पगार तुटपुंजा, प्रत एकच, आणि पुढच्या वर्षी निवृत्त.

स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या भिलारला 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं तेव्हा शहरी मंडळींनी नाकं मुरडली. स्ट्रॉबेरीवाल्यांना काय कळतं पुस्तकातलं? तिथे या घरात इतिहास, त्या घरात संतसाहित्य, पलीकडे बालसाहित्य. गावात शिरलेल्या माणसाला पाटी वाचून कळतं कुठे जायचं. दाखल नंबर कुणी विचारत नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटून झाले. आता या अभिजात भाषेत छापलेली सगळी पुस्तकं एका जागी शोधता येतील अशी यादी कुठे आहे? एक आहे, थोडी जुनी. शंकर गणेश दाते या गृहस्थांनी संगणकाशिवाय 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची विषयवार सूची केली, मग पुढच्या खंडात 1950 पर्यंत पोचले. अभ्यासक अजून तिच्यावाचून पाऊल टाकत नाहीत.

ती बघायची असेल तर लोक म्हणतात ‘दाते सूची’, म्हणून आधी ‘द’ बघा. मुखपृष्ठावर ‘मराठी ग्रंथसूची’ आहे, म्हणून मग ‘म’. तिथेही नसेल तर ‘श’ बघून घ्या, शंकर गणेशांचा. कुठे तरी असेलच.

घरी नेता येणार नाही, हे मात्र पहिल्या पानावर ठळक शिक्क्यात आहे.