महिनाभर आधी सांगितल्याची बक्षिसी

श्रीमान शेठसाहेब,
नवी पेठ, सोलापूर
यांच्या सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्र उघड्यावर लिहिते आहे, राग मानू नये. याआधी एक पत्र मी आपल्या हातात दिलं होतं. ते आपण घडी करून गल्ल्याखाली सरकवलंत आणि आठवड्याने विचारलंत, "कसलं पत्र?" तेव्हा या खेपेला चार माणसांदेखत दिलेलं बरं.

आधी आभार मानते. मार्गशीर्ष संपता संपता मी लेखी कळवलं होतं, की सात रस्त्याकडच्या एका शोरूममध्ये मला काम मिळालं आहे. अजून महिनाभर इथे येते, गड्ड्याची यात्रा उरकली की जाते. आपण चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "महिना कशाला? आत्ताच जा की, कुणी अडवलंय?" सरकारी खात्यात राजीनामा मंजूर करून घ्यायला टेबलाटेबलाला खेटे घालावे लागतात म्हणे. आपल्या गादीवर तो चहा निवायच्या आत मंजूर झाला. असा तडफदार मालक मिळायला भाग्य लागतं.

महिना निवडताना मी दुकानाचाच विचार केला होता, हे आपल्या ध्यानात आलं असेलच. पंचांग पाहिल्याशिवाय आपण नव्या मालाची गाठसुद्धा सोडत नाही. दिवाळी मी उलटू दिली. तुळशीचं लग्न लागलं की बस्त्यांची रीघ लागते, तीही ओसरू दिली. पौषात लग्नं नाहीत, म्हणजे बस्ते नाहीत. त्या रिकाम्या दिवसांत एखाद्या नव्या मुलीला हाताखाली घ्यायचं आणि माघाची लग्नसराई लागायच्या आत तिला तयार करून जायचं, असा माझा बेत होता. आपण माझे ते कष्ट वाचवलेत. नवी मुलगी थेट माघात आली, बस्त्याच्या गर्दीतच उभी राहिली. इंडीहून आलेलं वऱ्हाड तिच्यापुढे कानडीत बोलत राहिलं, ती हसून मान हलवत राहिली. मंडळी चहा पिऊन उठली आणि बस्ता शेजारच्या दुकानात बांधला. हे मला आपल्याच काउंटरवरून कळलं. त्या पोरीवर आपण सगळ्यांसमोर ओरडलात, हेही कळलं. तिचा काय दोष, शेठ? तिला कुणी काही दाखवलंच नव्हतं.

कारण साड्या दाखवायला कसब लागत नाही, असं आपण नेहमी सांगत आलात. खरंच आहे. एका बस्त्याला पंधरा माणसं गादीवर बसतात, त्यांत पैसे एकाच्या खिशात असतात आणि निर्णय कोपऱ्यात गप्प बसलेल्या आत्याच्या डोळ्यांत असतो. ती आत्या पहिल्या पाच मिनिटांत ओळखायची. नवरीचा शालू आधी दाखवायचा नाही, मानपानाच्या साड्या आधी उरकायच्या, म्हणजे मन आणि हात दोन्ही सैल होतात. इरकल काढली तर पदर वर ठेवूनच उलगडायची. विजापूरकडच्या माणसांना कानडीत "बर्री" म्हणायचं, पूर्व भागातून आलेल्या बायकांशी तेलुगूत भाव करायचा, मोहोळ-पंढरपूरच्या मंडळींशी आपल्या मराठीत. चिठ्ठीवरच्या सांकेतिक अक्षरांतून खरेदीभाव मनात वाचायचा आणि शेवटची किंमत कुठवर उतरवता येईल ते तोंडावर न दाखवता ठरवायचं. ही अक्षरं आजही मला पाठ आहेत. नव्या दुकानात ती मी कुणाला सांगितलेली नाहीत, सांगणारही नाही. विश्वासाने दिलेली गोष्ट आहे ती.

फॉल-पिकोच्या वहीबद्दल तर आपले किती आभार मानू! कुणाची साडी कोणत्या बाईकडे शिवायला गेली, कधी परत यायची, कुणाचा बयाणा जमा आहे, कुणाला रंग बदलून द्यायचा आहे, हे सगळं त्या वहीत अर्धं लिहिलेलं आणि अर्धं माझ्या डोक्यात. ते डोक्यातलं कागदावर उतरवून द्यायला मला एक दुपार हवी होती. आपण ती दिली नाहीत; वही तिथेच ठेवायला लावून दारापर्यंत पोचवायला माणूस पाठवलात, जणू मी गल्ला घेऊन निघाले होते. पुढे मंगळवेढ्याच्या एका आईचा मला फोन आला. मुलीचं लग्न दोन दिवसांवर, शालू दुकानात सापडत नाही, आणि दुकानातले म्हणतात की तो साड्यांच्या काउंटरवरच्या बाईला माहीत, ती पळून गेली. मी शिवणाऱ्या बाईच्या घरी गेले. फॉलला शेवटचे टाके राहिले होते, ते होईपर्यंत थांबले आणि एसटी स्टँडवर त्या आईच्या भाच्याच्या हातात शालू दिला. आपल्या दुकानाच्या पिशवीतच दिला, शेठ. नाव आपलंच राहिलं.

'पळून गेली' हा शब्द आपण माझ्यासाठी काढलात, त्याबद्दल वेगळे आभार. आपण माझ्या नव्या मालकांनाही फोन करून तोच सांगितलात. त्यांच्याकडे माझ्या पत्राची प्रत होती, खाली माझी सही आणि तारीख होती, म्हणून निभावलं. ज्या मुलींनी नुसतं तोंडी सांगितलं असेल, त्यांचं आपल्या एका फोनने काय होत असेल?

आपल्याकडे मी आले तो दिवस आठवतो का? तेव्हा मी मधल्या मारुतीजवळच्या एका दुकानात होते. आपण निरोप धाडलात, "उद्याच ये की, महिना कशाला भरतेस? तो काय करणार आहे?" मी म्हटलं होतं, त्यांचा महिना भरूनच येईन. आपण तोंड वाकडं केलंत, पण वाट पाहिलीत. म्हणजे कुणाच्या दुकानातलं माणूस आपल्याकडे यायचं असेल तेव्हा महिना नको, आपल्याकडचं माणूस जायचं असेल तेव्हा मात्र ते नमकहराम. हा न्याय गल्लीतल्या सगळ्या शेठमंडळींनी मिळून ठरवला आहे की आपला एकट्याचा आहे, हे एकदा कळवावं.

तीस दिवसांचा आकडा मात्र आपल्याला बरोबर पाठ आहे, त्याचं कौतुक वाटतं. "कायद्याने तीस दिवसांची नोटीस लागते," असं आपण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावता. फक्त ती कुणी कुणाला द्यायची, तेवढं सांगायचं राहून जातं. मुंबई दुकाने व संस्था अधिनियम 1948 चा. त्याच्या 66 व्या कलमात तीस दिवस होते ते मालकासाठी: वर्षभर सलग काम केलेल्या माणसाला काढायचं तर तीस दिवसांची लेखी नोटीस किंवा तितक्या दिवसांचा पगार, तीन महिन्यांहून जास्त पण वर्षाहून कमी झालं असेल तर चौदा दिवस. धाकटे शेठ लंडनला शिकून आलेत, त्यांना विचारावं. तिथल्या 1996 च्या कायद्यात मालकाने नोकरीच्या दर वर्षामागे एक आठवडा, असं बारा आठवड्यांपर्यंत आधी सांगायचं असतं. नोकराने सांगायचं ते एक आठवडा. ज्याच्या हातात दुसऱ्याचं पोट आहे, त्याच्यावर भार जास्त. हे कळायला लंडनला जावं लागू नये.

आपल्या गणिताचीही दाद देते. 2017 साली राज्यात दुकानांचा नवा कायदा आला, त्याची बरीचशी कलमं दहा किंवा अधिक माणसं असलेल्या दुकानांना लागली. त्या वर्षापासून आपल्या हजेरीपटावर नऊच नावं. गादीवर, काउंटरवर, गोदामात आणि जिन्यावर गाठी वाहणारे धरून आम्ही किती होतो, हे आपण गड्ड्याच्या दिवसांत जेवणाचे डबे मागवताना बिनचूक मोजत होता. पाच वर्षं सलग काम केलेल्याला ग्रॅच्युइटी मिळते, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हा नियम 1972 पासूनचा; तोही दहा माणसांच्या दुकानाला लागतो. माझी पाच वर्षं कधीच उलटली होती. माझं नाव पटावर एक वर्ष असायचं, एक वर्ष नसायचं. माझे आजोबा गिरणीत होते. त्यांचे गिरणीचे कागद घरच्या ट्रंकेत अजून आहेत. मी आपल्याकडे होते हे सांगणारा एक कागद आपण मला दिला नाहीत.

मी का जाते आहे, हे विचारून आपण मला अवघडून टाकलं नाहीत, हाही मोठेपणाच. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तिकडे आठवड्याची सुट्टी ठरलेली आहे आणि काउंटरमागे स्टूल आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसता येतं. एवढंच. दुकानात उभ्याने राबणाऱ्यांना बसायला मिळावं म्हणून केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. आपल्या दुकानात स्टूल होतं, पण त्यावर लक्ष्मीच्या फोटोची उदबत्ती असायची.

आता एक गोष्ट हात जोडून. सुटिंगच्या काउंटरवरचा तो मुलगा आठवतो? जेवायला म्हणून गेला तो आलाच नाही. आपण त्याला महिनाभर शिव्या घालत होता, आणि आम्हालाही वाईट वाटलं होतं, कारण त्याची सगळी मापं अर्धी राहिली होती, गिऱ्हाइकं आमच्यावर चिडत होती. असं कुणी जाऊ नये, हे माझं आजही ठाम मत आहे. मालकासाठी नव्हे, तर शेजारच्या काउंटरवर राहिलेल्या माणसासाठी आणि ज्याचा बयाणा अडकलाय त्या गिऱ्हाइकासाठी. पण तो शहाणा होता, शेठ. त्याने दहा तारखेला पगार हातात घेतला आणि अकराला गेला. त्याचा महिन्याचा पगार बुडाला नाही. मी महिनाभर आधी सांगितलं, माझा चालू महिन्याचा पगारही अडकला आणि पहिल्या महिन्यात 'मागे' ठेवलेला अर्धा पगारही. दुकानातली बाकीची पोरं हे दोन्ही हिशेब उघड्या डोळ्यांनी बघत होती. पुढचा जाणारा माझ्यासारखा जाईल की त्याच्यासारखा, हे आता आपणच ठरवून टाकलं आहे. नव्या पेठेत "हल्लीची माणसं सांगून जात नाहीत" अशी ओरड ऐकू येते, तेव्हा मला आपला तो कपाळावरचा चष्मा आठवतो.

पैशांबद्दल आपण म्हणालात, "हिशेब करू, ये कधीतरी." आपल्या या आमंत्रणाने भरून आलं. मी आले. आपण जेवायला गेला होता. पुन्हा आले, आपण सुरतेला गेला होता. तिसऱ्या खेपेला आपण समोर होता आणि म्हणालात, मुनीम गड्ड्यावर गेलाय. सिद्धेश्वर महाराजांची यात्रा मोठीच आहे, पण ती संपून नंदीध्वज कधीच परतले.

म्हणून एक नवी बातमी आपल्या कानावर घालते. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्या 17 व्या कलमाप्रमाणे माणसाला काढलं असो वा त्याने स्वतः राजीनामा दिला असो, त्याचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. ही संहिता लागू व्हायला दहा नावांचा पट लागत नाही. नऊ असोत, तीन असोत, एकटीच असो. माझं नाव पटावर नव्हतं म्हणून मी आपल्याकडे नव्हतेच, असं म्हणायचा विचार असेल तर एवढ्या वर्षांची बिलबुकं एकदा चाळावीत. साड्यांच्या प्रत्येक बिलाखाली कोपऱ्यात माझी आद्याक्षरं आहेत, आपणच सक्तीने घालायला लावलेली, भाव चुकला तर पगारातून कापता यावा म्हणून.

हिशेबाचा कागद सोबत जोडला आहे. त्यात चालू महिन्याचा पगार, मागे ठेवलेला अर्धा पगार आणि दिवाळीत सुट्टी न घेता भरलेल्या रविवारांचे पैसे मांडले आहेत. ग्रॅच्युइटीचा आकडा वेगळ्या ओळीवर लिहिला आहे. त्यावर आपण काय म्हणता ते ऐकायची माझी तयारी आहे, पण ते आता सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात ऐकेन. अर्ज परवा दिला, पोच घेतली. आपल्याला नोटीस येईल, शेठ. घडी करून गल्ल्याखाली सरकवू नये, तीवर तारीख असते.

आणि त्या नव्या मुलीला फॉल-पिकोच्या वहीतलं काही अडलं तर माझा नंबर द्यावा. दुपारी मी बसलेली असते, फोन उचलता येतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपल्या दुकानातली,
साड्यांच्या काउंटरवरची