झोपाळ्याची करकर आणि साडेचार फुटी लेथ

रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट याला राज्यकारभारातून सवड मिळाली की तो लेथपाशी, म्हणजे कातकामाच्या यंत्रापाशी, जाऊन उभा राहायचा. सेंट पीटर्सबर्गच्या उन्हाळी महालात त्याने त्यासाठी वेगळी खोलीच ठेवली होती. हस्तिदंताच्या आणि लाकडाच्या वस्तू तो स्वतः घडवायचा, आणि आंद्रेई नार्तोव नावाचा कारागीर त्याच्यासाठी नवनवी यंत्रं तयार करायचा. फ्रान्सच्या सोळाव्या लुईला कुलपांचं वेड होतं. त्याने व्हर्सायच्या राजवाड्यातच भट्टी थाटली. राजेसाहेबांना शिकार आणि यंत्रकाम यांपलीकडे काही सुचत नाही, अशी तक्रार राणी मारी आंत्वानेतने एका पत्रात करून ठेवली आहे. पुढे १७९२ मध्ये पॅरिसच्या तुइलेरी राजवाड्याच्या भिंतीत दडवलेल्या लोखंडी कपाटाची खबर क्रांतिकारकांना कुणी दिली? लुईला कुलूपकाम शिकवणाऱ्या गामँ या मिस्त्रीनेच. कपाटातली कागदपत्रं खटल्यात राजावर उलटली आणि जानेवारी १७९३ मध्ये त्याचं डोकं गेलं. घरात वर्कशॉप थाटणाऱ्याने मिस्त्रीशी जरा गोडीनेच राहिलेलं बरं.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहणारे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. यातला पीटरचा भाग त्यांना तोंडपाठ आहे, लुईचा ते गाळतात. बंद पार्किंगमध्ये गाडीऐवजी लेथ ठेवायला सोसायटीच्या सभेत हरकत आली, तेव्हा त्यांनी पीटरचाच दाखला दिला होता. सेक्रेटरींनी पीटर कुठल्या विंगमध्ये राहतो असं विचारलं, आणि पुढच्या गोंधळात ठराव मंजूर झाला. तेव्हापासून सोसायटी त्यांना लेथकाका म्हणते.

बँकेत असताना काकांनी उभी नोकरी दुसऱ्यांच्या मशिनरीला कर्ज मंजूर करण्यात घालवली. मशीनचं कोटेशन, मशीनचा विमा, मशीनवरचा बोजा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. मशीन तेवढं राहिलं. शिवाय काकांना मतं आहेत. मिसळीतल्या फरसाणापासून रिझर्व्ह बँकेच्या व्याजदरापर्यंत कुठल्याही विषयावर ते बोलू शकतात, आणि वादात त्यांना हरताना कुणी पाहिलेलं नाही. समोरचा दमतो, इतकंच.

लेथ घ्यायची तर किर्लोस्करची, हे मत अर्थातच आधीपासून तयार होतं. ते मराठी माणसाच्या रक्तातच असतं. लक्ष्मणरावांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली, आणि १९४१ पासून हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करमध्ये लेथ बनू लागल्या. त्यातली ‘टर्नमास्टर’ म्हटली की जुने टर्नर आजही हळवे होतात. भोसरीच्या शेडमध्ये संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आल्यावर अशा कितीतरी जुन्या लेथ किलोच्या भावाने भंगारात गेल्या. काका त्यांच्या मागे फिरले, पण जी लेथ परवडली ती पार्किंगच्या दारातून आत जाईना आणि जी आत गेली असती तिला थ्री-फेज वीज हवी होती. शेवटी राजकोटची साडेचार फुटी बेडची, सिंगल-फेज मोटरची लेथ आली. चेन पुलीने ती उतरवताना अर्धी सोसायटी गॅलरीत उभी होती.

लेथसोबत आले मिस्त्री. आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नर ट्रेड केलेले, भोसरीत जन्म काढलेले. काकांनी दाखवायला म्हणून मोटर सुरू केली, तशी मिस्त्रींनी ती आधी बंद केली.

“साहेब, लेव्हल केलीत का?”

“फरशी सपाट आहे. मी स्वतः उभा राहून टाइल्स बसवून घेतल्यात.”

मिस्त्रींनी खिशातून स्पिरिट लेव्हल काढून बेडवर आडवी ठेवली, एकदा दांडा पकडणाऱ्या चकाच्या बाजूला, मग दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉकच्या बाजूला. बुडबुडा दोन्हीकडे वेगवेगळा बसला. बेडला असा पीळ राहिला की सरळ दांडा कापायला घ्यावा आणि तो एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघावा. काका टाइल्सवाल्याबद्दल बोलू लागले. मिस्त्री पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवत राहिले.

मग नियम सांगितले गेले. अंगठी, घड्याळ, लॉकेट, जानवं, सगळं काढून ठेवायचं. बाह्या कोपराच्या वर. हातमोजे तर घालायचेच नाहीत, कारण फिरत्या जॉबने, म्हणजे कापायच्या तुकड्याने, मोज्याचा एक धागा धरला की तो मोज्यासकट हात आत ओढतो. आणि चकची किल्ली चकात असेपर्यंत तिच्यावरचा हात काढायचा नाही. किल्ली विसरून मोटर लावली की ती कुणाच्या तरी कपाळाचा वेध घेते. “हे मशीन आहे साहेब, मीटिंग नाही. इथे मुद्दा नंतर मांडता येत नाही.” काकांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. पुढे ते स्वतःचं म्हणूनही वापरलं.

पहिलं काम घरातच होतं. दिवाणखान्यातला झोपाळा करकरायचा. कडीतला पितळी बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी, झिजला होता. असा बुश रविवार पेठेत, बोहरी आळीत, चहा-वड्याच्या पैशांत मिळतो. पण घरी लेथ असताना बुश विकत आणायचा, म्हणजे गोठ्यात म्हैस बांधून पिशवीतलं दूध प्यायचं! काकांनी पितळेचा दांडा आणला. पिन सोळा मिलिमीटरची. आधी पंधराच्या ड्रिलने भोक पाडलं, आता बोअरिंग टूलने एक मिलिमीटर वाढवायचं. काकांनी चाकावरची खूण बघून टूल बरोब्बर एक मिलिमीटर सरकवलं आणि समाधानाने कट घेतला.

भोक सतरा झालं. जॉब फिरत असतो, त्यामुळे टूल एक मिलिमीटर सरकलं की व्यासात दोन मिलिमीटरचा फरक पडतो. काही लेथवर डायलची आखणीच व्यासाच्या हिशेबाने असते, काहींवर नसते, आणि ही लेथ कुठल्या जातीची हे काकांनी विचारलं नव्हतं. पितळ एकदा गेलं की ते परत बसवता येत नाही. म्हणून काकांनी ठरवलं की सतराची पिनच बनवू. त्यासाठी ईएन-८ चा पंचवीस मिलिमीटरचा दांडा आला. हायस्पीड स्टीलच्या टूलने अशा साध्या पोलादाला मिनिटाला तीसेक मीटर वेग चालतो, म्हणजे या जाडीला सुमारे ३८० फेरे. काकांनी हे गणित वहीत तीनदा तपासून वेग लावला. मिस्त्री नुसता आवाज ऐकून म्हणाले, “अजून एक पट्टा खाली घ्या, ओरडतंय.” ते बरोबरही निघालं, कारण टूलला काकांनी घरी लावलेली धार फारच स्वाभिमानी होती.

पिन सतराची झाली. ती कडीच्या कानांत जाईना, तिथली भोकं सोळाची. कान मोठे केले तर कडेचा पत्रा उरेना. मग कडीही नवी. एका बाजूची कडी नवी नि दुसरीकडची जुनी, तर झोपाळा तिरका दिसू लागला. बोहरी आळीतल्या एका बुशाऐवजी काकांनी छताच्या हुकापासून खालपर्यंत सगळा संसार नव्याने मांडला. झोपाळा आता करकरत नाही. घरच्या बाईंना मात्र त्याच्यावर बसायचं धाडस व्हायला वेळ लागला.

दरम्यान घरात लोखंड पसरलं. पोलादाचा कट घेताना निघणारी सळसळती लांब पट्टी उष्णतेने निळी पडलेली असते, दिसायला मोहक आणि धारेला ब्लेड. ती हाताने ओढायची नाही, आकड्याने ओढायची, हा नियम काकांनी एका दुपारी बोटाला पट्टी बांधून पाठ केला. पितळेचा कीस त्याहून कावेबाज. सुईसारखे तुकडे चपलेच्या तळव्यात रुततात आणि थेट देवघरापर्यंत येतात. त्यावर घरातून जे ऐकावं लागलं त्यापुढे मारी आंत्वानेतचं पत्र म्हणजे अभिनंदनच.

खरा बदल घडवला मायक्रोमीटरने. बँकेत रुपयाचे पैसे मोजलेल्या माणसाला मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा हे नवं चलन होतं. केस साधारण सात शंभरांश जाड असतो, म्हणजे “केसभर फरक” हे मिस्त्रींच्या दृष्टीने ढोबळ काम! एका संध्याकाळी काकांनी पंचवीसचा दांडा अगदी २५.०० वर आणला आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. सकाळी मोजला तर २४.९९. रात्री कुणी मशीनला हात लावला यावर चौकशी झाली. शेवटी मिस्त्रींनी सांगितलं की जॉब कापताना तापला होता. पोलाद पन्नासेक अंशांनी तापलं तर एवढ्या व्यासात शंभरांशभर तरी फुगतंच, मग थंड झालं की बसतं. काकांनी यावर मत मांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेजाऱ्यांनी ही घटना नोंदवून ठेवली आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीला लंडनच्या हेन्री मॉडस्लीने टूल नेमक्या गतीने सरकवणारा लीड स्क्रू आणि ते घट्ट धरणारी स्लाइड रेस्ट असलेली लेथ बनवली, त्यातून आजची यंत्रं आली. पण त्याच्या कारखान्यात खरा दरारा होता तो बाकावरच्या मायक्रोमीटरचा. त्याला तिथे ‘लॉर्ड चान्सलर’ म्हणत, कारण मापावरून दोघांचं जुंपलं की निकाल तोच द्यायचा आणि त्यावर अपील नसायचं. हे कळल्यावर काकांनी आपल्या मायक्रोमीटरच्या डबीवर स्केचपेनने ‘सरन्यायाधीश’ लिहिलं.

लेथ खरोखर कामाला आली ती तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या समईमुळे. त्यांच्या माहेरची समई मधल्या जोडाला ढिली झाली होती, वात लावली की कलायची. बाजारात फिरून आल्या, आटे कुठेच जुळेनात. जुळणार कसे? मॉडस्लीकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण सुचवलं, त्याचा कोन ५५ अंशांचा. मेट्रिक आटे ६० अंशांचे. आजींची समई घडवणाऱ्या कारागिराला या दोन्ही गोष्टींशी कर्तव्य नव्हतं. त्याने हाताला आले तसे आटे पाडले होते. असा एकुलता एक आटा पुन्हा पाडायचा तर घरची लेथच हवी.

मिस्त्रींनी पितळेचा नवा जोड करायला घेतला. जुन्या आट्यांचा ठसा साबणात घेऊन काकांनी त्यांची अंतरं मोजली. लेथचे गिअर बदलून लीड स्क्रूचा वेग त्या अंतराला आणला. मग एक हलका कट, टूल मागे, पुन्हा सुरुवातीला, पुन्हा हलका कट. प्रत्येक फेरीला दोन-चार शंभरांश. आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या, अधूनमधून “झालं का?” म्हणत. जोड समईत फिरवताना मध्येच अडला, काकांनी आणखी एक फेरी घेतली, आणि मग तो न अडखळता शेवटपर्यंत गेला.

“सरळ उभी राहिली हो!” आजी म्हणाल्या. “पण मेली इतकी चकचकीत, आता बाकीची समई जुनी दिसायला लागली.”

ही बातमी सोसायटीभर गेली आणि पार्किंगपुढे रांग लागली. कुणाची कुकरची मूठ, कुणाचा पंख्याचा रॉड. चौथ्या मजल्यावरचे आजोबा हातातली काठी घेऊन आले, तिच्या टोकाला पितळी टोपण हवं होतं. “अर्धा सूत इकडे तिकडे चालेल,” ते उदारपणे म्हणाले. अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटरहून जास्त. काकांनी त्यांना स्टुलावर बसवलं, काठी व्हाइसमध्ये धरली, डबीतून सरन्यायाधीश बाहेर काढले आणि माप म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावायला सुरुवात केली. तासाभराने आजोबा काठी तिथेच सोडून, जिन्याचा कठडा धरत घरी गेले.