भर समुद्रात पाणी नाही

लातूरच्या माणसाने समुद्रपर्यटन करू नये, असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. पण आमच्या घराण्यात आजवर कुणी ते केलंही नव्हतं. पाणी दिसलं की आम्हांला ते भरून ठेवावंसं वाटतं. त्यावर मजा करायची असते हे सुचतच नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आलं ते आमच्याच गावाला. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. नळाचा स्वभाव मी तेव्हापासून ओळखून आहे. नळ आधी खाकरतो, मग फुसफुसतो आणि मग जातो. फुसफुसत असतानाच जो बादली लावतो तो लातूरकर.

तरीही हिने मुंबई-गोवा-कोचीन अशी क्रूझ ठरवली. भाचीच्या लग्नात कुणीतरी फोटो दाखवले होते, एवढंच कारण. बॅलार्ड पिअरला चढलो. आत काचेच्या लिफ्ट, कॅसिनो, नाचगाणी आणि मध्यरात्रीही मिळणारा पिझ्झा. बोटीवरून मुंबई फार सुंदर दिसते म्हणतात. मी त्या वेळी जिलबीच्या रांगेत होतो.

पहाटे जाग आली ती शांततेने. बोटीवर रात्रंदिवस एक बारीक घरघर तळपायाला जाणवत असते, ती थांबली होती. एसी बंद. दिवे गेले आणि थोड्या वेळाने जिन्या-पॅसेजपुरते आले. आणि बाथरूममधला नळ खाकरला.

मी ताडकन उठलो. बाटल्या भरल्या, पेले भरले, बर्फाची बादली भरली. टेबलावरच्या फुलदाणीतली प्लास्टिकची फुलं उपटून तीही भरली.

"अहो, काय चाललंय?"

"पाणी जातंय."

"आपण समुद्रात आहोत."

"म्हणूनच."

तेवढ्यात बोट डुलायला लागली. बोटीच्या दोन्ही कुशींना डुलणं आवरणारे पंख असतात, पण बोट चालत असेल तरच ते काम करतात. उभ्या बोटीला ते असून नसल्यासारखे. फुलदाणी हिच्या उशीवर गेली आणि पुढचा संवाद लिहिण्याजोगा राहिला नाही.

खरा प्रसंग नंतर आला. हिने घरून प्लास्टिकचा मग आणला होता. त्या मगाने मनालीत साथ दिली, सिंगापुरात दिली. इथे दिली नाही. बोटीवरचा संडास पाण्याने वाहून जात नाही, तो ओढला जातो. नळ्यांतली हवा पंपाने काढून घेतलेली असते. बटण दाबलं की तळाची झडप उघडते आणि लिटरभर पाण्यासकट सगळा ऐवज खाली टाकीकडे खेचला जातो. वीज गेली की पंप गेला आणि पंप गेला की झडप मिटलेली ती मिटलेलीच. वरून मग ओता, नाहीतर अख्खी मांजरा नदी ओता, जे आहे ते तिथेच तरंगत तुमच्याकडे बघत राहतं.

वर डेकवर सगळी बोट लोटली होती. कुणी गाद्या आणल्या होत्या, एका आजोबांनी उशी आणि देवपूजा दोन्ही आणलं होतं. लाउडस्पीकरवर दर थोड्या वेळाने एक गोड बाई "तांत्रिक कारणास्तव" एवढंच सांगून अंतर्धान पावत होती. कठड्याला टेकून मालवणचे एक निवृत्त चीफ इंजिनियर उभे होते. आयुष्य तेलवाहू बोटींवर गेलेलं. दुसऱ्याची बोट बंद पडल्याचा आनंद ते लपवत नव्हते.

"ही बोट नाहीच मुळी, पॉवर हाऊस आहे," चीफसाहेब म्हणाले. "खाली डिझेलवर जनरेटर चालतात. त्या विजेवर मोटर, मोटरीवर पंखा. त्याच विजेवर तुमचा पिझ्झा, तुमची लिफ्ट आणि तुमचं ते."

"मग हे दिवे कसे लागले?"

"तो इमर्जन्सी जनरेटर. वरच्या मजल्यावर वेगळा असतो. 45 सेकंदांत आपोआप सुरू व्हायला हवा आणि 36 तास चालायला हवा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे."

"त्याच्यावर संडास का चालवत नाहीत?"

"संकटात दिवे लागतात, रेडिओ लागतो, आगीचा पंप लागतो. संडास लागत नाही."

मला लागली होती.

मग आम्हांला धीर यावा म्हणून त्यांनी 'कार्निव्हल ट्रायम्फ'ची गोष्ट काढली. 2013 च्या फेब्रुवारीत ही बोट टेक्सासमधल्या गॅलव्हेस्टनहून चार दिवसांच्या सहलीला निघाली. बोटीवर माणसं चार हजारांच्या वर. 10 तारखेला मेक्सिकोच्या आखातात इंजिनरूममधल्या इंधनाच्या एका लवचीक नळीला गळती लागली आणि आग भडकली. आग विझली, पण विजेच्या केबली जळून गेल्या. पुढे टगबोटींनी ओढत ओढत ती 14 तारखेच्या रात्री अलाबामातल्या मोबील बंदरात नेली. वाटेत ओढायचा दोरही एकदा तुटला. तोवर लोक डेकवर गाद्या टाकून झोपत होते आणि संडासाऐवजी त्यांना लाल पिशव्या वाटल्या होत्या. अमेरिकेत त्या सहलीला जे नाव पडलं ते सभ्य मासिकात छापता येत नाही. काही वर्षांनी बोटीची डागडुजी झाली आणि तिचं नाव 'सनराइज' ठेवलं.

"आणि नॉर्वेतली 'व्हायकिंग स्काय'? 2019. वादळ, समोर खडक, आणि इंजिनात वंगणाचं तेल कमी. बोट डुलली तसे पंप हवा ओढायला लागले आणि इंजिनं आपणहून बंद! 1,373 माणसं होती. त्यातल्या 479 जणांना दोरीने हेलिकॉप्टरात खेचून घेतलं."

हिने माझ्या पोटाकडे पाहिलं. "यांना दोनदा यावं लागेल," ती म्हणाली.

दुपारी एक जनरेटर शुद्धीवर आला. संडासांनी एकदम आवंढा गिळल्याचा आवाज केला आणि डेकवर टाळ्या पडल्या. पाठोपाठ कप्तानाची घोषणा: गोवा रद्द, कोचीन रद्द, हळूहळू मुंबईला परत. गोवा लांबून दिसला. हिरवी रेघ आणि तीवर काडीएवढा अग्वादचा दीपस्तंभ.

लोक भडकले. आमच्या मजल्याचा स्टुअर्ड साष्टीचा, पंचविशीतला पोरगा. लिफ्ट बंद, म्हणून सकाळपासून पाण्याच्या पेट्या जिन्याने वाहत होता, सदऱ्याची कॉलर घामाने मानेला चिकटलेली. किनाऱ्याचं नेटवर्क आलं तसा तो लाइफबोटीच्या आडोशाला गेला. "मांय, हांव येना. तुमी जेवात," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. मुरगावला बोट लागली की त्याला चार तास सुट्टी मिळणार होती. घर बंदरापासून जवळच, इसवणाचं हुमण तयार होतं. फोन खिशात टाकून त्याने मला विचारलं, "सर, चाय?" सकाळपासून चहावरून मी पुष्कळ बोललो होतो. नको म्हटलं.

संध्याकाळी रिसेप्शनवर मोर्चा. ठाण्याच्या एका वकीलसाहेबांनी तिकिटामागचा मुंगीच्या पावलांएवढा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला: यांत्रिक बिघाड झाल्यास कंपनी मार्ग बदलू शकते, बंदर गाळू शकते, भरपाईचा हक्क नाही. रद्द बंदरांची फी तेवढी परत मिळाली आणि वर एक व्हाउचर. त्याच बोटीचं. यंत्र बिघडतं हे मला मान्य आहे. एसटी बंद पडली तर कंडक्टर खाली उतरून काय मोडलं ते सांगतो आणि त्याच तिकिटावर मागच्या गाडीत बसवून देतो. इथे पूर्ण दिवसात एकाही गणवेशाने येऊन नीट काही सांगितलं नाही. मला राग आला तो याचा.

तुम्हांला क्रूझला जायचं असेल तर जरूर जा. फक्त बुकिंगवाल्याला विचारा की बोट कोणत्या साली बांधायला घेतली. 1 जुलै 2010 पासून बांधायला घेतलेल्या मोठ्या प्रवासी बोटींसाठी नियम आहे: ठरावीक मर्यादेपर्यंत आग लागली किंवा पाणी शिरलं तरी त्यांना स्वतःच्या ताकदीवर बंदर गाठता आलं पाहिजे, आणि तोवर प्रवाशांना पाणी, जेवण आणि संडास पुरवता आले पाहिजेत. आमची बोट त्याच्या बरीच आधीची होती.