झोपलेला काटा

— काहून वं बाई, सकाळपासून ठाकठूक चालली तुमच्या अंगणात? लोहार बसवला का काय?

— लोहार कुठला काकू, आमचे हेच बसले. पद्मिनीचं हेड खोललं. पापडाचा खोका नेला माझा, त्याला आठ भोकं पाडली, त्यात लोखंडी कांड्या खोवल्या अन् वर पेनानं नंबर टाकले.

— पुशरॉड असतील त्या. चार सिलिंडरचे आठ व्हॉल्व्ह, म्हणून आठ कांड्या. बरोबर केलं गुरुजींनी. जिथली कांडी तिथंच परत गेली पाहिजे, घासून घासून तिनं आपली जागा धरलेली असते. हे डेपोत होते तेव्हा नव्या पोरांना पहिलं हेच सांगायचे.

— तुम्हाला बरं सगळं ठाऊक!

— अगं, आमच्या घरी जेवताना दुसरा विषय होता का? लोक रेडिओ ऐकत भाकरी थापायचे, मी एसटीचं इंजिन ऐकत थापली. पण झालं काय गाडीला?

— माहूरला गेलो ना रेणुकामातेच्या दर्शनाला. गडाच्या चढावर मागून पांढरा धूर. मला वाटलं फुफाटा उडून राहिला. घरी येईपर्यंत रेडिएटर अर्धं, अन् खाली तं पाण्याचा एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी इंजिन ऑइलचं झाकण उघडलं तं आतून सायीसारखा पिवळट थर.

— मग पाणी तेलात उतरलं. काही पाणी जळून धुरातून गेलं, काही तेलात मिसळलं. हेडचं पॅकिंग गेलं, दुसरं काही नाही. पण मला हे सांग, घाटात टेम्परेचरचा काटा नाही चढला वर?

— तेच तं! काटा खालीच झोपलेला. हे आपले खुशीत, "बघ, एवढ्या उन्हात गाडी कशी गार आहे."

— मे महिन्यात उमरखेडात माणूस गार राहत नाही अन् यांची गाडी राहते! काटा हललाच नाही, तिथंच शंका यायला पाहिजे होती.

— आता तुम्हाला म्हणून सांगते काकू, बाहेर बोलू नका. दिवाळीत माझा भाऊ आला होता. तो नळ फिटिंगचं काम करतो. काट्याचा जो बल्ब इंजिनात बसतो ना, तिथून पाणी पाझरत होतं. त्यानं काढला, आट्यांवर चांगली जाड टेफलॉन टेप गुंडाळली अन् आवळला. पाझरणं बंद, अन् त्या दिवसापासून काटाही बंद. काल ह्यांना ते समजलं. तेव्हापासून माझ्या माहेराचा उद्धार चालू आहे.

— अगं, नळाला कुठं अर्थिंग लागते! ह्या बल्बला एकच वायर असते. दुसरा रस्ता आट्यांतून इंजिनात, तिथून बॉडीत. टेप गुंडाळली की अर्थ तुटला. काटा बिचारा काय दाखवील?

— हो, मग ह्यांनी चावी लावून ती वायर काढली अन् क्षणभर बॉडीला टेकवली. काटा टप्पकन वर! म्हणजे काटाही चांगला, वायरही चांगली. टेप खरवडून तांब्याचं वायसर टाकलं, झालं.

— दिवाळीतच हे केलं असतं तं माहूरच्या घाटात काटा बोलला असता, अन् तुम्ही थांबला असता. हेड वाचलं असतं. ॲल्युमिनियमचं हेड अन् खाली बिडाचा ब्लॉक. दोन्ही सारखे फुगत नाहीत. जास्त तापलं की हेडच वाकतं.

— वाकलंच. पट्टी धरून खाली पाती सरकवून पाहिली. 0.05 ची गेली, 0.10 चीही गेली. मग हे म्हणतात, शोकेसची काच दे, तिच्यावर पॉलिश पेपर लावून हेड घासतो.

— दिली का?

— माझ्या शोकेसची? पाठवलं नांदेडला. तिथं मशीनवर फेस मारून आणला. पॅकिंगही तिथंच एका जुन्या दुकानात भेटलं. दुकानदार म्हणे आता माल संपत आला. मुंबईतही शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली ना.

— मग विकून टाका की. वीस वर्षांवरच्या गाडीची नोंदणी वाढवायची फी आता 10,000 केली म्हणतात.

— विकतात का! मामंजींनी घेतली तेव्हा प्रेसिडेंटचं नाव बदलून नुकतंच पद्मिनी झालं होतं, 1974 मध्ये. ती गोष्ट प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर असते. काल तं थर्मोस्टॅटच्या कव्हराचं पॅकिंग घरीच कापलं. कव्हरावर पॅकिंगचा कागद धरला अन् कडेकडेनं हलक्या हातानं हातोडी टोकत नेली. आपोआप कडा कापत आल्या. बोल्टच्या भोकावर सायकलची गोळी ठेवून एक ठोका, की गोल भोक तयार. मी पाहतच राहिले.

— ते पाण्याच्या कव्हरापुरतं ठीक. हेडच्या पॅकिंगला तसला शहाणपणा नको. अन् बोल्ट आवळताना मधून सुरू करून बाहेर जायचं, तेही दोन-तीन दमांत. टॉर्क पाना आहे का?

— कुठला! हे म्हणतात हाताला अंदाज आहे.

— अंदाज मिठाचा असतो वं, हेडचा नाही. थांब, आमच्या पेटीत आहे ह्यांचा पाना. हळूच देते. गाडी चालवून आणली की थंड होऊ द्या, पुन्हा एकदा आवळा अन् टॅपेट पाहून घ्या. पण ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नको, रिटायर झाल्यापासून हाताला काम नाही...

— कोणाचं हेड खोललं? (आतून आवाज.) पद्मिनीचं का? व्हॉल्व्ह घासले का गुरुजींनी? बसवू नका म्हणा, मी आलो!

— घे माय. आता यांचं ताट तुमच्याच अंगणात वाढ.